घाटात गाडी धापा टाकते ती कशामुळे?

पावसाळा सुरू झाला की आपल्या मावळात पाहुण्यांच्या गाड्यांची रीघ लागते. मुंबईचा भाचा नवी गाडी घेऊन येतो आणि ओसरीवर चहा पिताना सांगतो, "मामा, गाडी पनवेलपर्यंत वाऱ्यासारखी पळाली, पण खोपोली सोडली आणि ओढेनाशीच झाली. इथली हवा विरळ ना! आता शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघतो." त्याचे ऐकून घरचा मुलगाही आपल्या मोटारसायकलीत महागडे पेट्रोल भरू लागतो. हा प्रकार आता गावोगाव दिसतो. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलचा भाव साध्याच्या दीडपटीच्या आसपास असतो, आणि तो पैसा दुधाच्या किंवा भाताच्या पट्टीतून जातो. तेव्हा वाचकहो, घाटात इंजिनाचे बळ नेमके कोण खाते, याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू.

प्रथम ऑक्टेन म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. पुष्कळांची समजूत अशी की ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद. खतात जसे नत्राचे प्रमाण, तसा हा आकडा. तसे मुळीच नाही. पेट्रोल दाबाखाली किती धीर धरते, आपण होऊन पेट घेण्याचे किती टाळते, याचा तो आकडा आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते. दाबल्यावर ती तापते. मग प्लगची ठिणगी पडते आणि आग एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते.

भाताचे राब भाजताना तुम्ही काय करता? पालापाचोळा, शेण, गवत थराथराने रचता, वर मातीचा पातळ थर देता आणि आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशा बाजूने पेटवता, म्हणजे ती सावकाश जाते. (राबाऐवजी गादीवाफ्यावर रोपे करा असे आम्ही विस्तारवाले वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, पण तो विषय वेगळा.) त्याच राबात एकदम चार ठिकाणी ठिणग्या पडल्या तर भडका उडेल. इंजिनातही असेच होते. ठिणगीची आग पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातला उरलेला वायू दाबाने आणि उष्णतेने स्वतःच पेटला, तर पिस्टनवर हातोडा बसावा तसा दणका बसतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. गॅरेजवाले त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. हे फार काळ चालले तर हेडचे गॅस्केट जाते, पिस्टनसुद्धा फुटतो. ऑक्टेनचा आकडा मोठा असलेले पेट्रोल हा भडका होऊ देत नाही. त्याचे काम तेवढेच. जे इंजिन मुळातच नॉकिंग करीत नाही, त्यात मोठ्या आकड्याचे पेट्रोल घालणे म्हणजे ज्या पिकावर कीडच नाही त्यावर औषध फवारणे होय.

इंजिन हवा किती दाबते यावर त्याला कोणता आकडा लागेल हे ठरते. पूर्वीच्या फियाट, अ‍ॅम्बॅसडर गाड्या हवेला सात-आठास एक या प्रमाणात दाबीत. आजच्या लहान गाड्या दहा-बारास एक इतके दाबतात. पूर्वी आकडा वाढविण्यासाठी पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळीत. आरोग्याला घातक म्हणून २००० साली देशभर ते बंद झाले. पुढे साधे पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचे झाले. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्या ९१ वर चालतील अशाच बनविलेल्या आहेत. तुमची गाडी कोणती मागते हे तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आणि पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणामागे लिहिलेले असते. तिथे ९१ असेल तर प्रश्न मिटला. ९५ लिहिले असेल, आणि टर्बोच्या काही ताकदवान गाड्यांत तसे असते, तर मात्र ते पाळावे.

आता उंचीकडे वळू. उंच जावे तशी हवा विरळ होते हे खरे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२५ मीटर उंच आहे. समुद्राकाठी सिलिंडरमध्ये हवेचे १०० भाग शिरत असतील तर लोणावळ्यास साधारण ९४ शिरतात. हवा कमी, म्हणून जळणही कमी आणि बळही तेवढेच कमी. म्हणजे ६५ अश्वशक्तीच्या गाडीची चारएक अश्वशक्ती सह्याद्रीने काढून घेतली. लहान गाडीचे वातानुकूलन यंत्र, ज्याला आपण एसी म्हणतो, तेही तीन-चार अश्वशक्ती खाते. म्हणजे भाच्याने घाटात एसी बंद करून काचा खाली केल्या तर उंचीने घेतलेले बळ त्याला जवळजवळ परत मिळेल, आणि पावसाळ्यात खंडाळ्याची हवा काही वाईट नसते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे हा तोटा दुप्पट. लेहला साडेतीन हजार मीटरवर इंजिनाचे जवळजवळ एक तृतीयांश बळ जाते. तिथे उंचीला दोष देणे योग्य. लोणावळ्यात उंचीचा दोष आहे, पण थोडा.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पुणे शहर सुमारे ५६० मीटरवर आहे. पुण्याहून वडगाव, कामशेत, मळवलीवरून लोणावळ्याला येईपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरांत चढ जेमतेम साठ-सत्तर मीटरचा. तेव्हा पुण्याहून येणारा कोणी म्हणाला की लोणावळ्याच्या हवेने गाडी मंदावली, तर त्याला एअर फिल्टर साफ करायला सांगा.

या विरळ हवेचा ऑक्टेनशी संबंध आहे तो लोक समजतात त्याच्या अगदी उलट. सिलिंडरमध्ये हवा कमी शिरली की दाब कमी पडतो, उष्णता कमी होते, आणि म्हणून नॉकिंगची भीतीही कमी होते. म्हणजे साध्या इंजिनाला उंचीवर मोठ्या आकड्याचे पेट्रोल कमीच लागते. अमेरिकेच्या डोंगराळ राज्यांत तर पंपावर मैदानी भागापेक्षा लहान आकड्याचे पेट्रोल विकले जाते. तिथे आकडा मोजण्याची रीत निराळी आहे, आपले ९१ म्हणजे त्यांचे ८७ च्या जवळपास. पण उंचीवर गरज कमी होते हे तत्त्व दोन्हीकडे एकच. तेव्हा जी गाडी पनवेलला ९१ वर बिनतक्रार चालते, तिला लोणावळ्यात १०० देण्याचे काहीही कारण नाही.

मग खोपोलीपुढे गाडी ओढेनाशी का होते? तर चढामुळे. खोपोली पायथ्याला आहे. तिथून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर उभी उंची गाठायची असते. तीच उंची उलट्या दिशेने टाटांनी कामाला लावली: १९१५ पासून लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून खोपोलीला पाडून वीज तयार होते. पाणी उतरताना जे देते, तेच गाडीला चढताना द्यावे लागते. हिशेब केला तर एक टन वजन एवढे वर न्यायला, नुसत्या उचलण्यापोटी, अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जळते. पाच माणसे आणि सामान भरलेली गाडी सव्वा ते दीड टनाची होते. पंधरास एक अशा चढणीवर तिला ताशी ४० किलोमीटर वेगाने नुसते वर उचलायलाच चौदाएक अश्वशक्ती लागते; सपाटीवर त्याच वेगाला चार-पाच पुरतात. म्हणजे काम एकदम चौपट झाले.

याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर रोज जातो. कर्जतला आगगाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलीत आणतात. बोरघाटातला हा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, आणि त्याची चढण ३७ ला १ अशी आहे. रेल्वेच्या दृष्टीने ती फारच कडक. १९३० च्या सुमारापासून तिथे विजेची इंजिने आहेत. विजेच्या इंजिनाला ना हवा लागते ना पेट्रोल, विरळ हवेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तरी त्याला मागून रेटा द्यावाच लागतो. जुन्या काळी घाटात बैलगाडीला पुढे आणखी एक जोडी जुंपत. तेच हे.

मोटारीत ती जादा जोडी म्हणजे खालचा गिअर. इंजिनाचे बळ त्याच्या फेऱ्यांवर असते. गाडीच्या कागदावर लिहिलेली ६५ अश्वशक्ती मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या झाल्यावरची. पंधराशे फेऱ्यांवर त्याच इंजिनाकडे पंधराएक अश्वशक्तीच असते. चढण आणि बाकीचे मिळून अठरा-एकोणीस मागत असताना वरच्या गिअरमध्ये पंधरावर गाडी रेटली तर ती कुठून येणार? पुष्कळ चालक ‘पेट्रोल वाचेल’ म्हणून चौथा-पाचवा गिअर सोडत नाहीत आणि पाय पूर्ण दाबून ठेवतात. मंद फेऱ्या, पूर्ण भार आणि तापलेले इंजिन, नॉकिंगला याहून चांगली जमीन मिळत नाही. घाटात डब्यातल्या खड्यांचा तो आवाज आला तर पेट्रोल बदलण्याआधी गिअर बदला. दुसऱ्या-तिसऱ्यात गाडी गुरगुरेल, गुरगुरू द्या. चढाच्या पायथ्याशीच गिअर खाली घ्यावा; गाडी मरायला टेकल्यावर नव्हे.

नव्या गाड्यांत या आवाजावर कान ठेवणारा एक छोटा भाग, ‘नॉक सेन्सर’, बहुधा असतो. तो नॉकिंग ऐकताच ठिणगी किंचित उशिरा पाडायला लावतो. इंजिन वाचते, पण बळ थोडे घटते. पेट्रोलात रॉकेलची भेसळ असली तर ऑक्टेन फार खाली येतो आणि हेच घडते. भेसळीची शंका असेल तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घनताही पाहता येते. पंपावर नोंदलेल्या आकड्यापेक्षा ती तीन एककांहून जास्त इकडेतिकडे असू नये. दीडपट भावाचे पेट्रोल घेण्यापेक्षा साधे पेट्रोल शुद्ध आहे ना, एवढे पाहणे शहाणपणाचे.

आमच्या पिढीच्या मनात घाटाचे जे चित्र आहे ते कार्ब्युरेटरच्या काळातले. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकून पुढे निघालेल्या गाड्या वळणावर बॉनेट उघडून उभ्या असायच्या. (इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगतात.) पेट्रोलच्या पंपावर ओले फडके, रेडिएटरमधून वाफ. तेव्हा पेट्रोल खेचणारा पंप इंजिनाशेजारी तापत असे आणि नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. कार्ब्युरेटरला हवा विरळ झाली हे कळत नसे. तो सपाटीइतकेच पेट्रोल सोडू पाही, मिश्रण दाट होई, प्लग काळे पडत. उंचीची धास्ती तिथून आली. आजच्या गाडीत पंप टाकीत बुडालेला असतो आणि हवेचा दाब मोजून संगणक पेट्रोल बेतून देतो. एप्रिल २०२० पासून नव्या मोटारसायकलीही याच पद्धतीच्या आहेत. टर्बो असलेली गाडी तर हवा दाबूनच आत भरते, तिला लोणावळ्याची उंची जाणवतही नाही. डिझेलला ऑक्टेन लागू नाही, त्याचे माप निराळे. पण बिनटर्बोचा जुना ट्रॅक्टर चढावर काळा धूर ओकू लागला तर आधी एअर फिल्टर उघडून पाहा. मळणीच्या भुसाने माखलेला फिल्टर सह्याद्रीपेक्षा जास्त हवा अडवतो.

रेडिएटरवरून आठवले. हवेचा दाब कमी म्हणून लोणावळ्यास पाणी १०० ऐवजी ९८ अंशांना उकळते. उघड्या पातेल्यात डाळ मुंबईपेक्षा थोडी उशिरा शिजते ती यामुळे. कुकरमध्ये हा फरक जवळजवळ राहत नाही. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखेच, आत दाब धरून ठेवते. तापलेल्या गाडीचे ते झाकण उघडू नये. उघडताच पाणी उसळून तोंड-हात भाजतात.

आता इथेनॉलविषयी, कारण हा आपल्या शेताचा विषय आहे. २०२५ पर्यंत देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून, तांदळाच्या कण्यांपासून होते. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्यामुळे मिश्रणाचा आकडा ९५ च्या आसपास जातो. म्हणजे ज्या आकड्यासाठी पूर्वी जादा पैसे मोजावे लागत, तो आता साध्या नळीतूनच मिळू लागला. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे याचा दाखलाही इथेच मिळतो. इथेनॉलच्या लिटरात उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणून आकडा वाढला तरी जुन्या गाडीचा प्रतिलिटर पल्ला घटतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के घट सांगितली आहे. या मिश्रणासाठी जुळविलेल्या गाड्यांत ती १ ते २ टक्के. ही घट खिशाला जाणवते हे खरे आहे. पण त्यातला काही पैसा परदेशी तेलाऐवजी ऊस-मक्याच्या शेतकऱ्याकडे वळतो, हेही माझ्या मते जमेस धरले पाहिजे.

मावळातल्या घराने एका बाबतीत मात्र फार जपावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पॉवर वीडर, गवत कापायचे यंत्र, पेट्रोलवरचा फवारणी पंप ही यंत्रे कामापुरती निघतात आणि मग महिनोन्‌महिने पडवीत पडून राहतात. टाकीत किंवा कॅनमध्ये पाणी गेले तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि वर ऑक्टेन उतरलेले पेट्रोल राहते. मग दोरी ओढून हात दुखतात, यंत्र काही सुरू होत नाही. तेव्हा काम संपले की टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद पडू द्यावे. पंधरा दिवसांत लागेल एवढेच पेट्रोल आणावे. तेल मिसळून चालणाऱ्या यंत्राचे मिश्रण त्या दिवसापुरते करावे. जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या फुगल्या किंवा चिकट झाल्या तर बदलून घ्याव्यात, त्या स्वस्त असतात. ‘डोंगरावरचे यंत्र’ म्हणून कोणी कार्ब्युरेटरचा स्क्रू आवळून मिश्रण पातळ करू म्हणेल, तर करू देऊ नका. आपल्या उंचीला त्याची गरज नाही, आणि पातळ मिश्रणाने इंजिन तापून जाम होते.

शेवटचे बोलायचे ते उताराचे, कारण आपला शेतकरी भरलेली गाडी बहुधा खाली नेतो आणि रिकामी वर आणतो. फुले दादरला, भाजी वाशीला, इंद्रायणी तांदूळ ठाण्या-मुंबईला; भाराने वाकलेली पिकअप घाट उतरते. चढताना जे अर्धा-पाऊण लिटर दर टनामागे खर्ची पडले, तेवढ्या उंचीचा जोर आता ब्रेकवर उष्णता होऊन बसणार असतो. पेट्रोल-डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आजही दिसतात. नव्या इंजिनात गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंधन आपोआप बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी ते जळतच राहते. म्हणजे बचत शून्य आणि ब्रेक एकटे. किल्ली बंद केली तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. जो गिअर चढायला लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेक सतत घासत न ठेवता थांबून थांबून दाबावा. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागले तर जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, चाकांना दगड लावावेत आणि अर्धा तास निवू द्यावी. तापलेल्या चाकावर बादलीभर पाणी ओतण्याची सवय पुष्कळांना आहे. त्याने ड्रम आणि डिस्क तडकतात.